कळंबमध्ये गलबत बांधताना

कळंबला नदी आहे, मांजरा. समुद्र मात्र कित्येक जिल्हे दूर. तरीही लाकडी जहाजाची प्रतिकृती इथेही शिकता येते. पहिलं जहाज मराठा आरमारातलं घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची. गलबत सहसा सत्तर टनांच्या आतलं, वल्ह्यांवरही चालणारं. नवख्यानं गलबतच धरावं.

१:४८ हे प्रमाण सोयीचं. खरा एक फूट म्हणजे पाव इंच.

आधी तळकणा, त्यावर फासळ्या, मग फळ्या. खरं कसब फळ्यांत आहे. पातळ पट्टी पाण्यात भिजवायची, हळूहळू वाकवायची, टाचण्यांनी धरून वाळू द्यायची. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, जहाजाचा घेर कमी होतो, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे तासून निमुळती करावी लागते. नाहीतर पट्ट्या एकमेकींवर चढतात. एक पट्टी डावीकडे, लगेच एक उजवीकडे. एकच बाजू भरत गेलात तर सांगाडा पिळतो.

आता लाकूड कोणतं? मुंबईत जहाजबांधणी करणाऱ्या वाडियांनी १८१७ मध्ये सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली हे जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतंय. छोट्या प्रतिकृतीत मात्र सागाच्या ठसठशीत रेषा विजोड दिसतात. बारीक पोताचं लाकूड सुताराकडून चिरून घ्यावं. शिडांना जुनं, विरलेलं सुती धोतर उत्तम.