सारसोळ्याच्या भुईखालील थर आणि विहिरीचें पाणी

विहिरीसाठीं द्रव्य देणारे गृहस्थ बहुधा एकच सूचना करितात: पाणी लागेपर्यंत खोल खणा. खाडीकाठच्या गांवीं ही सूचना घातक ठरते. ती कां, हें समजण्यास सारसोळ्याच्या भुईखालीं काय आहे तें पाहिलें पाहिजे.

नेरूळनजीकचें हें गांव आज नवी मुंबईच्या वस्तींत सामावलें आहे. या सर्व मुलुखाच्या बुडाशीं सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा काळा पाषाण आहे. एक लाव्हा निवून दुसरा येईपर्यंत कोठें कोठें तळीं साचलीं, त्यांत माती व राख बसली आणि तिचा पापुद्र्यांचा खडक बनला. मुंबईंत वरळीस असा थर असून त्यांतील चिमुकल्या बेडकांचे अवशेष रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ सालीं वर्णिले. बेडूक खाऱ्या पाण्यांत सहसा नांदत नाहीं. सबब तेथें गोडें तळें होतें, हा पुरावा कोणतेंही न्यायालय मान्य करील. तथापि त्या खडकाचे कण इतके बारीक कीं त्यांतून आज पाणी फारसें पाझरत नाहीं.

खाडीच्या अंगास पाषाणावर मुरूम, त्यावर निळसर चिकणमाती व वर खाजणाचा चिखल, असा सामान्य क्रम असतो. मुंबईस प्रिन्सेस डॉक खणतांना १८७८ च्या सुमारास अशा मातीखालीं मुळांसकट उभीं खैराचीं झाडें निघालीं. म्हणजे पूर्वींची कोरडी जमीन पुढें समुद्राखालीं गेली होती. ही चिकणमाती ओली दिसते, परंतु पाणी सोडीत नाहीं, आणि सोडलें तरी तें खारट.

गोडें पाणी मिळावयाचें तें मुरुमांत व पाषाणाच्या भेगांत. पावसाळ्यांत मुरलेलें हें पाणी हलकें असल्यामुळें खाऱ्या पाण्यावर तरंगतें. सच्छिद्र भुईंत तें समुद्रपातळीवर एक फूट उभें असेल तर खालीं सुमारें चाळीस फूट पोंचतें, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. भेगाळ पाषाणांत हा आंकडा तंतोतंत लागूं पडत नाहीं, पण वरचें पाणी बेसुमार उपसलें कीं खालचें खारें पाणी वर चढतें, हें खरेंच. गोडी झालेली विहीर अधिक खोल नेऊन खारी करणें म्हणजे दात्याच्याच पैशानें गांवाचें पाणी बुडविणें होय.

यास्तव विहीर डोंगराच्या अंगास, मुरुमांत धरावी, आणि खोली वाढविण्यापूर्वीं वैशाखांतलें पाणी भरतीच्या व ओहोटीच्या वेळीं चाखून पाहावें. देणगीपत्रांत खोलीची अट घालूं नये, एवढी आमची विनंति आहे.