रोधात साठवलेली माहिती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग्वाल्हेरच्या 'खासगी बाजार' भागात मोबाईल घ्यायला गेलं, की दुकानदार 'आठ एक सौ अट्ठाईस' एका दमात सांगतो आणि आपण ती सगळी एकच 'मेमरी' समजतो. पहिला गैरसमज तिथेच आहे. आठ जीबी म्हणजे रॅम. तिच्यात माहिती असते अतिसूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभाराच्या रूपात. हा भार सतत गळतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांत तो ताजा करावा लागतो. वीज गेली की सगळं पुसलं जातं. 128 जीबी म्हणजे फ्लॅश. ती विजेविना टिकते, पण लिहायला संथ आणि वापराने झिजणारी. रॅमचा वेग आणि फ्लॅशचा टिकाऊपणा एकाच चिपमध्ये मिळावा, यासाठी रेझिस्टिव्ह रॅमवर, म्हणजे रोधात माहिती साठवणाऱ्या मेमरीवर, संशोधन चाललं आहे.

रोध म्हणजे नुसता विजेचा अडथळा, त्यात माहिती कशी राहणार, असं अनेकांना वाटतं. दोन धातूंच्या मध्ये ऑक्साइडचा पातळ थर ठेवून व्होल्टेज दिलं, की कुठे चांदीचे आयन थरात शिरतात, कुठे ऑक्सिजनचे अणू जागा सोडतात आणि काही नॅनोमीटर जाडीचा वाहक तंतू जुळतो. रोध घटतो: हा 'एक'. अनेक रचनांत उलटं व्होल्टेज दिलं की तंतू तुटतो, रोध वाढतो: हा 'शून्य'. अणूच हललेले असल्यामुळे वीज गेली तरी नोंद राहते.

हा शोध 2008 सालचा, हेही अर्धसत्य. ऑक्साइडच्या थरांचं असं वागणं 1962 मध्येच नोंदवलं गेलं होतं. 1971 मध्ये लिऑन चुआ यांनी गणिताने 'मेमरिस्टर', म्हणजे स्मृती असलेला रोध, मांडला. 2008 मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेने टायटॅनियम डायऑक्साइडमधला रोधबदल त्या कल्पनेशी जोडला.

नॅनो म्हटलं की कोट्यवधींची यंत्रं आणि परदेशच हवा, हा समज मला सर्वांत जास्त खटकतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तुकाराम डोंगळे, रजनीश कामत आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये चांदी, टंगस्टन ऑक्साइड आणि इंडियम-टिन ऑक्साइड अशा थरांचा मेमरिस्टर प्रसिद्ध केला. पद्धत स्प्रे पायरोलिसिसची: तापलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारायचा, थेंब पोहोचता पोहोचता द्रावक उडतो, क्षार विघटित होतो आणि ऑक्साइडचा थर बसतो. निर्वात कक्षाची गरज नाही. तापमान, फवाऱ्याचा वेग, द्रावणाची तीव्रता बदलली की कणांचा आकार बदलतो आणि त्याबरोबर रोधाचं वागणंही. खरं कसब या ताळमेळात आहे, आणि ते आपल्याकडच्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आहे.

आता उलट्या बाजूचा गैरसमज: उद्या सगळे फोन रेझिस्टिव्ह रॅमवरच चालणार. पॅनासॉनिकने 2013 मध्ये अशी मेमरी असलेल्या मायक्रोकंट्रोलरचं उत्पादन सुरू केलं, तरी मोठ्या साठवणीत फ्लॅशच राज्य करते. रोधावरच बेतलेली इंटेलची ऑप्टेन 2017 मध्ये आली आणि 2022 मध्ये कंपनीने ती गुंडाळायला घेतली. खर्चाचा प्रश्न आहेच. शिवाय रेझिस्टिव्ह रॅममधला तंतू दर वेळी अगदी तसाच जुळत नाही, त्यामुळे रोधाचा आकडा थोडा हलतो. कोट्यवधी मेमरी-पेशींच्या चिपमध्ये हे चालत नाही.

म्हणून मेमरिस्टरची 'मेंदूसारखी चिप तयार' अशी बातमी वाचलीत, तर आधी दोन आकडे शोधा: ती किती वेळा लिहिता-पुसता आली आणि किती नमुन्यांत तसंच घडलं.