मुंबईच्या घरी गावचे पाहुणे

गावचं कोणी मुंबईला राहत असलं की आजारपणात पहिली आठवण त्याचीच येते. वर्ध्याहून रात्री सेवाग्राम एक्सप्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी दादर. आम्हीही तिथे एका खोलीत बरीच वर्षं काढली. परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायला माहेरची माणसं यायची. गोरसपाकचा पुडा, घरची तूरडाळ पाहून जीव हरखायचा. अन् त्याच वेळी मनात यायचं, झोपवायचं कुठे?

नळाला पाणी ठरावीक वेळी. एक खाडा झाला की पगार कापला जायचा. तरी ‘किती दिवस राहणार?’ हे विचारायला जीभ रेटत नसे. न विचारल्यानेच एकदा आजारी काकूला तीन रात्री दाराशी झोपावं लागलं. म्हणून सांगतो, फोनवर तुम्हीच आधी विषय काढा: कोण येणार, किती जण, किती दिवस.

कर्करोगाच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासात रेल्वेचं स्लीपरचं भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो.

उपचार लांबणार असतील तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. कर्करोगाचे रुग्ण अन् सोबतची माणसं तिथे राहतात. तिथे राहिलं म्हणजे मुंबईच्या नातेवाइकांनी टाकलं, असं नव्हे. आम्ही कामावरून आलो की डबा घेऊन जायचो, अन् तिथेच सगळे मिळून जेवायचो.