दलालाची पत खऱ्या माहितीवर

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात घर किंवा गाळा घेणारा कारागीर प्रथम इस्टेट एजंटाकडे जातो. आयुष्याची पुंजी त्याने कोणाच्या शब्दावर गुंतवावी? आमच्या मते, जो एजंट जागेचे दोष आपणहून सांगतो त्याच्याच.

उल्हासनगरात जागेची सनद आहे काय, बांधकाम २००६ च्या कायद्याखाली नियमित झाले आहे काय, हे बयाण्यापूर्वीच सांगितले पाहिजे. मे २०२१ मध्ये येथे स्लॅब कोसळून माणसे दगावली. बदलापुरात २००५ व २०१९ साली उल्हास नदीचे पाणी कुठवर चढले, अंबरनाथमध्ये रासायनिक कारखाने किती जवळ आहेत, हेही गिऱ्हाइकाला कळावे.

महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांतील सौद्यांसाठी एजंटाला २०१७ पासून नोंदणी सक्तीची आहे. आता परीक्षेचे प्रमाणपत्रही लागते. नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा. पण नोंदणी नसलेल्या जुन्या इमारतींतील सौद्यांना हे बंधन नाही. तेथे गिऱ्हाइकाला आधार फक्त कागदपत्रांचा आणि एजंटाच्या इमानाचा.

खरे सांगितल्याने एखादा सौदा हातचा जातो, हे आम्ही जाणतो. मात्र तेच गिऱ्हाईक पुढे आपल्या भावाला त्याच दुकानी पाठवते. आमच्या दलाल बंधूंनी हा हिशेब ध्यानी घ्यावा.