बाईंच्या गाडीखालचा लाल डाग

मंडळाच्या रविवारच्या नाश्त्याला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे आता ऑटोमॅटिक गाड्या आहेत. गुडघे हे त्याचे मुख्य कारण. खडेबाजारातल्या गर्दीत डावा पाय क्लचवर दाबून धरणे ज्यांना जमेनासे झाले, त्यांनी गाडी बदलली. आमच्या एक सदस्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे बाईच म्हणतात. त्यांच्याकडे यजमानांनी हौसेने घेतलेली जुनी ऑटोमॅटिक सेडान आहे. गेल्या वर्षी तिच्याखाली पोर्चच्या फरशीवर लाल डाग पडू लागले.

एका गॅरेजने गिअरबॉक्सच्या खालच्या चेंबरचे गॅस्केट बदलून दिले. डाग राहिलाच. दुसऱ्या गॅरेजने खाली वाकून पाहिले आणि सांगितले, "पुढचा सील गेलाय बाई, गिअरबॉक्स उतरवायलाच लागतंय. अडतीस हजार धरून चला. त्यापेक्षा गाडी विका." बाईंनी रविवारी आम्हाला विचारले, विकू का? थोरल्या बहिणीला भेटायला त्या आठवड्यातून दोनदा याच गाडीने जातात. रिक्षात चढ-उतार त्यांना आता जमत नाही. नवीन गाडी घेण्याची गोष्ट त्यांनी काढली नाही, आम्हीही काढली नाही.

आम्ही तिघे या कामात पडलो. दोघे बँकेतून निवृत्त झालेले, आणि तिसरे उद्यमबागेत तीस वर्षे हायड्रॉलिक पंप जोडण्यात गेलेले. खरे ज्ञान तिसऱ्यांचे, आम्ही दोघांनी वहीत नोंदी ठेवल्या.

पहिला प्रश्न असा की डाग आहे कशाचा? ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला, म्हणजे एटीएफला, बहुधा मुद्दाम लाल रंग दिलेला असतो. जुने झाले की ते तपकिरी होते. इंजिन ऑइल मधासारखे किंवा काळे असते. कूलंट हिरवे किंवा गुलाबी असते, पण ते पाण्यासारखे पातळ असते आणि बोटाला तेलकट लागत नाही. एसीचे पाणी म्हणजे नुसते पाणी. डागाखाली पांढरा कागद ठेवला की फरशीवर न कळणारा रंग नीट कळतो. एक फसगत मात्र होते. बऱ्याच जुन्या गाड्यांत पॉवर स्टीअरिंगमध्येही हेच लाल तेल असते. म्हणून आधी स्टीअरिंगच्या बाटलीतली पातळी खुणेने मांडून ठेवावी. बाईंच्या गाडीत ती आठवडाभर तसूभर हलली नाही, तेव्हा तो संशय मिटला.

आणखी एक खुलासा इथेच करतो, कारण मंडळात दोघांनी विचारले होते. आज स्वस्तातल्या अनेक गाड्या ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जातात, पण त्यांत एएमटी असते. म्हणजे आत साधाच गिअरबॉक्स असतो आणि क्लच-गिअर हलवण्याचे काम एक यंत्र करते. त्यांना हा लेख लागू नाही. सीव्हीटी गाड्यांचे तेल वेगळे असते. तपासण्याची रीत बरीचशी हीच आहे, पण तेल त्याच गाडीसाठी सांगितलेलेच घालावे.

आता गिअरबॉक्सच्या आत काय चालते ते थोडक्यात. समोरासमोर दोन पंखे ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घातले की झाला टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवलेला हा तेलाने भरलेला बंद डबा आहे. तेच तेल पुढे पंपाच्या दाबाने आतले क्लच दाबते, गिअर बदलते, चाके वंगणते आणि नळ्यांतून रेडिएटरकडे जाऊन थंड होऊन परत येते. गिअरबॉक्समध्ये मिळून सहा-आठ लिटर तेल असते, त्यातले दोन-अडीच लिटर एकट्या कन्व्हर्टरमध्ये. या सगळ्यात लक्षात ठेवायचे ते एवढेच की काही ठिकाणी हे तेल दाबाखाली असते आणि काही ठिकाणी नुसते साचलेले असते. गळती कुठली, याचे उत्तर पुष्कळदा गाडी केव्हा गळते यावरूनच मिळते.

थंड करणाऱ्या नळ्या दाबाखाली असतात. त्यांचे रबर आणि पत्र्याचे सांधे गाडी चालू आणि गरम असताना गळतात, गाडी थांबली की थांबतात. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट करून गोव्याला जाऊन आल्यावरच डाग दिसतो आणि गावातल्या गावात दिसत नाही, असे असेल तर आधी या नळ्या पाहाव्यात. कन्व्हर्टरजवळचा पुढचा सील गेला तर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या बेल हाउसिंगच्या तळातून तेल ठिबकते. हा सील स्वस्त, पण तिथे पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पैसे लागतात ते त्या मजुरीचे. शिवाय त्याच जागेतून इंजिनाच्या मागच्या सीलचे तेलही येऊ शकते, त्यामुळे रंग न पाहता निदान केले तर गिअरबॉक्स उतरवूनही गळती कायम राहते. चाकांकडे जाणाऱ्या अॅक्सलचे सील गेले तर तेल बाजूला दिसते, कधी चाकाच्या आतल्या अंगाला उडालेले. याखेरीज डिपस्टिकच्या नळीची रिंग, वायरिंगच्या जोडाची रिंग, सेन्सरची रिंग. ही दहा-वीस रुपयांची रबरे आहेत, पण उष्णतेने कडक झाली की चांगल्या माणसाला महिनाभर नाचवतात. गिअरबॉक्सला हवा घ्यायला एक ब्रीदर असतो, तो चिखलाने बुजला तर आत दाब वाढतो आणि धडधाकट सीलही पाझरू लागतात. एक गळती तर बाहेर दिसतच नाही. रेडिएटरच्या आतली नळी फुटली तर तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात आणि टाकीत गुलाबी दुधासारखा फेस दिसतो. तसे दिसले तर गाडी चालू करू नये, उचलून न्यावी. कूलंट आतल्या क्लचची वाट लावते.

मग दोन गॅरेजांची चूक कुठे झाली? तेल जिथून ठिबकते तिथूनच गळते, असे दोघांनीही धरले. आमचे उद्यमबागवाले म्हणाले, "तेल खाली उतरतंय, आणि गाडी पळाली की वाऱ्यानं मागं जातंय. थेंब सापडतोय ती जागा शेवटची असतीय. ओलं कुठं सुरू झालंय ते बघायचं, सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं." बँकेत संगणक येण्यापूर्वी ताळा जुळला नाही की आम्ही हेच करायचो. फरक बेरजेच्या ओळीत दिसतो, चूक मात्र वर कुठल्या तरी व्हाउचरात असते. बेरजेची ओळ खोडून ती सापडत नाही.

तर आम्ही गाडी पिटवर घेतली. (घरी जॅकवर उचलून कोणीही खाली शिरू नये, खाली घोड्या लावलेल्या असल्याशिवाय हातसुद्धा घालू नये. साठीनंतर तर मुळीच नाही.) गिअरबॉक्स आणि चेंबर डीग्रीझरने धुतले, पुसले, वाळवले. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक ठिकाणी टाळले जाते. पण जुन्या तेलाच्या थरावर नवी गळती कशी ओळखणार? पावसाळ्यात तर खालचे सगळेच ओले असते, म्हणून आम्ही कोरड्या दिवसांपर्यंत थांबलो होतो. वाळल्यावर सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली. पावडरीवर तेलाची रेघ लगेच उमटते. याहून चांगला उपाय म्हणजे तेलात घालायचा चमकणारा रंग आणि यूव्ही टॉर्च. अंधारात गळतीची वाट हिरवट-पिवळी दिसते. आमचे काम पावडरीवर भागले.

त्यानंतर पोर्चमध्ये, गाडीच्या पोटाखाली, एक मोठा पुठ्ठा टाकला. त्यावर चाकांच्या खुणा केल्या, म्हणजे डाग गाडीच्या कोणत्या भागाखाली पडतो ते कळावे. बाईंनी रोज सकाळी पाहून वहीत लिहायचे, असे ठरले. त्यांनी शाळेतल्या हजेरीपटासारखी वही ठेवली, एकही दिवस चुकला नाही. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झाले. गाडी रोज चालवली तर पुठ्ठा कोरडा. एक दिवस उभी राहिली तर क्वचित एखादा थेंब. बाई चार दिवस भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या, परत आल्या तेव्हा बशीएवढा डाग.

पुढचा सील खराब असता तर गाडी चालताना, गरम असताना तो अधिक गळायला हवा होता. इथे उलटे होते. उभ्या गाडीत कन्व्हर्टरमधले तेल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरते. दोन-अडीच लिटरची भर पडली की चेंबरमधली पातळी बरीच वर चढते, आणि एरवी तेलाच्या वर राहणारे सांधे तेलात बुडतात. बाईंच्या गाडीत गिअरच्या दांडीपासून आलेला शाफ्ट गिअरबॉक्सच्या बाजूने, चेंबरच्या काठाच्या जरा वर, आत शिरतो. पावडरीवरची रेघ बरोबर त्याच्या मुळापासून सुरू झाली होती. तिथून ती चेंबरच्या काठाने मागे गेली होती आणि शेवटच्या बोल्टवरून थेंब पडत होता. म्हणूनच पहिल्याने गॅस्केटला दोष दिला. बेल हाउसिंगचा तळ मात्र खडखडीत कोरडा होता.

आणखी एक गोष्ट निघाली. गॅस्केट बदलणाऱ्याने तेल थंड असतानाच डिपस्टिकवरच्या 'हॉट' खुणेपर्यंत भरले होते. तापल्यावर तेल फुगते, त्यामुळे ती खूण सुमारे 80 अंशांच्या तेलासाठी असते. पातळी पाहताना गाडी सपाट जागी असावी, दहा-पंधरा किलोमीटर चाललेली असावी, आणि बहुतेक गाड्यांत इंजिन चालू असावे. काही गाड्यांत ते बंद करून लगेच पाहायचे असते, म्हणून मॅन्युअल उघडावे. नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, तिथे हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता नव्हे. फिरत्या भागांत सापडून त्याचा फेस होतो आणि ते ब्रीदरमधून बाहेर येते. कमी तेल त्याहून वाईट. गाडी 'डी'मध्ये टाकल्यावर उचल घ्यायला उशीर लावते, चढावर इंजिन ओरडते पण वेग येत नाही, आणि तशीच दामटली तर आतले क्लच जळतात. तेव्हा मात्र अडतीस हजारांतही भागत नाही. बाईंच्या गाडीतले जादा तेल आम्ही आधी काढून टाकले. डाग लहान झाला, गेला नाही.

गळती बंद करणाऱ्या औषधांच्या बाटल्या मिळतात, तीही सूचना कोणीतरी केली. ती औषधे रबर फुगवतात. काही दिवस बरे वाटते, पण मूळ जागा सापडण्याआधी ते घातले की सापडायचे ते आणखी लांबते. आम्ही नको म्हटले.

शाफ्टचा सील बाहेरूनच निघतो, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. उद्यमबागेतल्या ऑइल सीलच्या दुकानात जुना सील मापाला दाखवला. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, आणि तेल व उष्णता सोसणारे रबर, एवढे जुळले की पुरते. तिसऱ्याच एका मेकॅनिकने शाफ्टवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढून सील बसवला. सील, मजुरी आणि वरून घातलेले तेल मिळून दोन हजारांच्या आत काम झाले. त्याने चेंबरचे बोल्टही पाहिले. आधीच्या माणसाने ते इतके आवळले होते की काठाचा पत्रा बोल्टांपाशी वाकला होता. त्याने चेंबर काढून काठ हातोडीने सरळ केला, नवे गॅस्केट घातले आणि बोल्ट समोरासमोरचे घेत हलक्या हाताने आवळले.

त्यानंतर बाईंनी मुद्दाम पाच दिवस गाडी हलवली नाही. वही पाचही दिवस भरली, पाचही रकान्यांत 'निरंक'. पुठ्ठा अजून पोर्चमध्ये आहे. एप्रिलमध्ये त्यावर एक डाग दिसला म्हणून त्यांचा सकाळी सात वाजता फोन आला, तेव्हा आम्ही तिघेही गेलो. एसीचे पाणी होते. चहा झाला.