पाठीवर आईचं नाव

मे महिन्यातला दुसरा रविवार म्हणजे मातृदिन. ऑस्ट्रेलियात त्या सकाळी लेकीसुना, बाप्ये, पोरंसोरं गुलाबी कपडे घालून ‘मदर्स डे क्लासिक’ला निघतात, कुणी धावतं, कुणी चालतं. १९९८ साली सुरू झालेल्या या उपक्रमातून स्तनांच्या कर्करोगावरील संशोधनाला निधी मिळतो. अनेकांच्या पाठीवर एक कार्ड टाचलेलं असतं : आपण कुणासाठी धावतोय, हे त्यावर स्वतःच्या हातानं लिहायचं. आई, आजी, मावशी. काही नावं गेलेल्यांची, काही उपचार घेऊन सोबत चालणाऱ्यांची. मागून येणारा अनोळखी माणूसही ते नाव वाचतो, म्हणून ही रीत मला फार मोलाची वाटते. अमेरिकेतही असंच एक नाव जपलं गेलं : सुझन कोमेन १९८० साली ३६व्या वर्षी स्तनांच्या कर्करोगानं गेली; धाकटी बहीण नॅन्सी ब्रिंकर हिनं दोन वर्षांत तिच्या नावानं संस्था उभारली.