कॉम्प्युटर चालूच होईना!



आज ज्या कॉम्प्युटरबद्दल बोलायचं आहे, तो कंपनीच्या खोक्यातून तयार आलेला नाही. घरातल्याच कुणीतरी, बहुतेक वेळा कॉलेजात जाणाऱ्या मुलानं किंवा मुलीनं, सुटे भाग आणून जोडलेला आहे. आपण त्याला ‘असेंबल केलेला’ म्हणतो. मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसरीची, पत्र्याचं कॅबिनेट तिसरीचं. पैसे वाचतात, पुढे एकेक भाग बदलता येतो. अडचण एवढीच, की बिघडला तर सगळ्या यंत्राची जबाबदारी घेणारी एक कंपनी नसते. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, बिल वेगळं. म्हणून ती बिलं फाईलला लावून ठेवा, वीजबिलाच्या जोडीला.

आणि ज्यानं जोडला तो नोकरीला पुण्याला किंवा हैदराबादला निघून जातो. मागे राहते आई, नाहीतर वहिनी. त्या यंत्रात शाळेच्या युनिफॉर्मच्या ऑर्डरींचा हिशोब असतो, बचत गटाचं रजिस्टर असतं, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका असतात. एक दिवस सकाळी बटण दाबलं, तर काहीच नाही.

मग कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात न्यायचं, ‘चालू होत नाही’ एवढंच सांगायचं, आणि संध्याकाळी ऐकायचं, “मॅडम, मदरबोर्ड गेलाय.” कधी तो खरंच गेलेला असतो. पण मदरबोर्ड बदलायला काही हजार रुपये लागतात आणि सैल झालेली रॅम नीट बसवायला एक रुपयाही लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीत फरक दिसत नाही, स्क्रीन दोन्हीकडे काळीच. फरक कळायचा तर यंत्र नेमकं कुठं अडलंय ते बघावं लागतं.

मागावर धागा तुटला की माग थांबतो. विणकर माग बदलायला निघत नाही, तुटलेला धागा शोधतो. इथंही तसंच आहे. बटण दाबल्यावर सगळं एकदम सुरू होत नाही, एकामागून एक होतं. भिंतीतली वीज आधी कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्यात येते. तो डबा २३० व्होल्टची वीज कमी करून मदरबोर्डला देतो. मग प्रोसेसर जागा होतो, तो रॅम तपासतो, मग स्क्रीनवर चित्र पाठवणारा भाग तपासतो, मग हार्ड डिस्क शोधतो आणि शेवटी डिस्कवरचं विंडोज उघडतं. कुठल्या पायरीपर्यंत गोष्ट आली हे डोळ्यांना आणि कानांना समजतं. पंखा फिरला का? दिवा लागला का? बीप आली का? अक्षरं दिसली का?

हे काम पुरुषांचं, असं कुणी म्हणालं तर त्यांना एनिॲकची गोष्ट सांगा. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेला हा खोलीभर कॉम्प्युटर, त्यात सुमारे १८ हजार काचेच्या नळ्या. त्यावर गणितं बसवायचं काम सहा तरुणींकडे होतं: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. शिकायला पुस्तिका नव्हती. यंत्राचे नकाशे बघून त्या शिकल्या, आणि पुढे नेमकी कुठली नळी बिघडली आहे इथपर्यंत त्या माग काढत. आपल्यापुढे तर एक डबा आणि पाच-सहा भाग आहेत.

तर पहिली अवस्था. बटण दाबलं, पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. इथं कॅबिनेट उघडायचंच नाही, आधी विजेचा रस्ता बघायचा. त्याच सॉकेटमध्ये टेबल फॅन लावून बघा. मग एक्स्टेंशन बोर्ड सोडून वायर थेट भिंतीत लावा. बऱ्याच घरांत मॉनिटरची आणि कॅबिनेटची काळी जाड वायर एकसारखीच असते, त्यांची अदलाबदल करा. वायर खराब असेल तर लगेच कळेल. कॅबिनेटच्या मागे, वायर घुसते तिथं एक छोटा स्विच असतो. झाडताना, पुसताना तो बंद होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. काही जुन्या पॉवर सप्लायवर एक लाल स्विचही असतो, ११५ आणि २३० असं लिहिलेला. तो आपल्याकडे कायम २३० वरच हवा. तो मुलांना हलवू देऊ नका, ११५ वर ठेवून बटण दाबलं तर पॉवर सप्लाय जळतो.

यूपीएस असेल तर त्याला वगळून बघा. आतली बॅटरी संपली की पुष्कळ यूपीएस भिंतीत वीज असूनसुद्धा पुढे सोडत नाहीत. या बॅटऱ्या साधारण दोन-तीन वर्षं टिकतात, आणि उष्णतेनं त्यांचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा ४० च्या वर, त्यात यूपीएस टेबलाखाली कोपऱ्यात कोंबलेला. उन्हाळा संपता संपता कॉम्प्युटर ‘मेला’ अशी तक्रार आली, तर मी आधी यूपीएसकडे बघते.

दुसरी अवस्था सगळ्यात जास्त फसवणारी. पंखे फिरतात, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी. इथं पहिली युक्ती की-बोर्डची. कॅप्स लॉकचं बटण दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर कॉम्प्युटर आतून बहुधा जागा आहे आणि गडबड चित्राच्या वाटेवर आहे. मॉनिटरचा स्वतःचा दिवा लागलाय का? त्याची केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का? वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर केबल त्या कार्डाला लावायची, मदरबोर्डच्या भोकात नाही. घर झाडून पुन्हा वायरी जोडताना ही केबल हमखास चुकीच्या जागी जाते.

कॅप्स लॉकचा दिवा लागला नाही, तर झाकण उघडायचं. पण त्याआधी थोडं थांबा.

प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग कॅबिनेटचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डमध्ये उरलेली वीज निघून जाईल. हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र पदराच्या आत घ्या. आपल्याकडची हवा कोरडी, त्यात अंगावर सिंथेटिक साडी असेल तर अंगात स्थिर वीज साठते. अंधारात कपडे काढताना चटचट आवाज येतो ना, तीच. तिच्या एका ठिणगीनं रॅम खराब होऊ शकते. म्हणून सुती कपडे घाला आणि कुठल्याही भागाला बोट लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आत ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठून राहू शकते. बाकी काहीही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आता मोबाइलवर आतला फोटो काढा. वायर कुठली कुठं होती हे नंतर आठवत नाही.

रॅम म्हणजे बोटभर रुंदीची, वीतभराहून थोडी लहान पट्टी. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून ती सरळ वर काढायची. खालच्या कडेला सोनेरी दात असतात. त्यावर मळ किंवा गंज चढला की मदरबोर्डला रॅम दिसतच नाही. मुलांच्या कंपासमधलं पांढरं खोडरबर घ्या, दात हलक्या हातानं पुसा, कोरड्या कापडानं चुरा झाडा. तोंडानं फुंकू नका, त्यानं ओल जाते. पट्टीतली खाच आणि खोबणीतला उंचवटा जुळवून दोन्ही टोकं दाबा, ‘टक्’ आवाज यायला हवा. दाबताना जरा जास्त जोर लागतो, त्याला घाबरू नका. दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि यंत्र सुरू झालं, तर कशानं झालं ते कळत नाही.

आमच्या पूर्व भागात, शेजारच्या एका ताईंकडे असंच झालं होतं. खालच्या खोलीत माग, वरच्या खोलीत कॉम्प्युटर. मुलगा पुण्याहून फोनवर सांगत होता, “आई, घाई करू नकोस. आधी एकच पट्टी काढ.” झाकण उघडलं तर सुताच्या बारीक धुळीचा थर, अक्षरशः गादीसारखा. खोबणीत तीच धूळ बसलेली. मऊ ब्रशनं खोबणी झाडली, पट्टी पुसून बसवली आणि स्क्रीन उजळली. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर होत्या आणि दोन शाळांच्या ऑर्डरींची मापं त्या यंत्रात होती. त्या दिवशी ताईंनी पहिलं काम केलं ते सगळी मापं पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याचं.

रॅमनं काम झालं नाही तर मदरबोर्ड स्वतः काय सांगतोय ते बघा. कित्येक मदरबोर्डवर छोटे दिवे असतात, शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं लिहिलेलं. जो दिवा लागून राहतो तिथं गाडी अडली. जुन्यांवर छोटा स्पीकर असतो, तो बीप देतो. किती बीप म्हणजे काय, हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून मोजून कागदावर लिहा: लांब किती, आखूड किती.

नव्यानं जोडलेला आणि एकदाही सुरू न झालेला कॉम्प्युटर असेल, तर संशयाच्या जागा थोड्या वेगळ्या. प्रोसेसरजवळ चार किंवा आठ पिनांची वीजवायर वेगळी लावावी लागते, ती राहून जाते. मोठी २४ पिनांची लावली म्हणजे झालं असं वाटतं, पंखेही फिरतात, पण प्रोसेसर उपाशीच. मदरबोर्डखाली पितळी बुटक्या खुंट्या असतात. भोक नाही तिथं एखादी जास्तीची बसवली, तर ती खालून चिकटून शॉर्ट होतं. पुढच्या बटणाची बारीक वायर एका पिनेनं चुकली तर बटण दाबून काही होत नाही, यंत्र धडधाकट असूनही. आणि काही प्रोसेसरना स्वतःचं चित्रच नसतं, त्यांना ग्राफिक्स कार्ड लागतंच. घेताना दुकानदाराला हे विचारून घ्या.

तिसरी अवस्था: सुरू होतो आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत बंद पडतो. हा बहुधा तापण्याचा त्रास. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या जाळीत धूळ भरली, त्याची एखादी प्लास्टिकची खिट्टी सुटली किंवा खालची पेस्ट वाळली, की प्रोसेसर तापतो आणि यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं. पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. प्लग काढा, जाळी रंगाच्या कोरड्या ब्रशनं झाडा. ब्लोअर मारणार असाल तर पंखा बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. माग असलेल्या घरात ही सफाई दर दोन-तीन महिन्यांनी करावी असं माझं मत आहे. पेस्ट बदलायचं काम मात्र हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

चौथ्या अवस्थेत अक्षरं दिसतात, पण विंडोज येत नाही. आधी लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढा, कधी कधी यंत्र त्यातच विंडोज शोधत बसतं. तारीख भलत्याच वर्षाची दिसत असेल तर मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपलाय, सीआर २०३२ मागा, कुठंही मिळतो. डिस्क सापडत नाही असा संदेश असेल तर डिस्कची केबल काढून घट्ट लावा. पण डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि आपल्या हातानं आणखी काही करू नका. प्रत्येक वेळी चालू करताना आतली माहिती वाचण्याची शक्यता कमी होत जाते.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, हेही बऱ्याच जणी सांगतात. त्याचा दोष बहुधा कॉम्प्युटरचा नसून घराच्या अर्थिंगचा असतो. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन कापून दोन पिनांच्या भोकात घालायची सवय त्याच्या मुळाशी असते. वायरमनला बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या.

इतकं करून जमलं नाही तर दुकान आहेच. तिथं सांगताना ‘चालू होत नाही’ म्हणू नका. “पंखे फिरतात, चित्र नाही, कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही, रॅम पुसून एकेक लावून पाहिली,” असं सांगा. देण्याआधी आतल्या भागांचे, त्यांच्यावरच्या नंबरांसकट फोटो काढा. मदरबोर्ड गेला असेल तरी तुमचा हिशोब डिस्कवर असतो, तो जात नाही. डिस्क पुसू नका, फॉरमॅट करू नका, हे पावतीवरच लिहून घ्या. एखादा भाग बदलला तर जुना भाग परत मागा.